हिशेब जुळला, ओळख पटली का?

व्यापारी घरातले मूल आकड्यांच्या संगतीत वाढते. रोजमेळ, खतावणी, ताळेबंद हे शब्द पाढ्यांच्याही आधी त्याच्या कानावर पडतात. दिवाळीत चोपडापूजन होते, तेव्हा वडीलधारी माणसे त्याला एक गोष्ट आवर्जून सांगतात : जमा आणि नावे यांची बेरीज जुळलीच पाहिजे, एका रुपयाची तफावतही उद्यावर टाकू नये. मुलगा थोडा जाणता झाला की त्याच घरात त्याला दुसरी शिकवणही मिळते. दोन पेढ्यांचे ताळेबंद शेवटच्या रुपयापर्यंत सारखे असले, तरी त्या दोन पेढ्या एक नव्हेत. एकीत चार भाऊ एका गादीवर बसतात, तर दुसरीतले चार भागीदार चार गावांत विखुरलेले असतात. उधारी देण्याची वेळ आली की ताळेबंद पाहावाच. पण तेवढ्यावर थांबू नये.

अनुभवातून आलेले हे शहाणपण उच्च गणितातही एके ठिकाणी तंतोतंत सिद्ध झाले आहे. त्या ठिकाणी आकडे सर्वच्या सर्व जुळतात, गुणाकार-बेरजांचे सारे नियम जुळतात आणि तरीही समोरच्या दोन रचना एक नसतात. हे दाखवून देणारे गणिती होते शरदचंद्र शंकर श्रीखंडे. नागपुरात शिकलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झालेले हे विद्वान. त्यांचे नाव आज जगभर एका आलेखाला जोडलेले आहे. त्या आलेखाची आणि त्यामागील बीजगणिताची ही ओळख.

सोळा नमुने, आठ बैठका

समजा, एका चहाच्या पेढीवर १६ मळ्यांचे नमुने आले आहेत आणि त्यांतून उत्तम ते निवडायचे आहेत. एका बैठकीत चारपेक्षा अधिक नमुन्यांची तुलना करायची नाही, असे पेढीने ठरविले आहे.  सकाळची बैठक आणि दुपारची बैठक यांत पाणी बदलते, हवा बदलते, मनही बदलते. म्हणून सकाळी पारखलेला एक नमुना आणि दुपारी पारखलेला दुसरा नमुना यांची थेट तुलना न्याय्य होत नाही. न्याय्य तुलना एकाच बैठकीतल्या नमुन्यांची.

प्रत्येक नमुना इतर प्रत्येकाबरोबर एकदा तरी बसावा, असे ठरविले तर काय होते? १६ नमुन्यांच्या जोड्या १२०. चार नमुन्यांच्या एका बैठकीत सहा जोड्या होतात. म्हणजे किमान २० बैठका लागतील. तेवढा वेळ नसेल, तर काटकसरीचा एक मार्ग आहे. नमुने चार ओळी आणि चार स्तंभ यांच्या चौकटीत मांडावेत. प्रत्येक आडव्या ओळीची एक बैठक आणि प्रत्येक उभ्या स्तंभाची एक बैठक, अशा आठ बैठका होतात.

१६ घरांची चौकट म्हटली की जैन वाचकाला खजुराहो आठवेल. तेथील दहाव्या शतकातील पार्श्वनाथ मंदिरात एक अंकचौकट कोरलेली आहे. कोणतीही ओळ, स्तंभ किंवा कर्ण घेतला तरी बेरीज ३४ येते, म्हणून तिला चौतीसा यंत्र म्हणतात. ती अशी :

७ १२ १ १४
२ १३ ८ ११
१६ ३ १० ५
९ ६ १५ ४

या चौकटीचा पुढील संशोधनाशी ऐतिहासिक संबंध काही नाही. येथे ती घरे ओळखण्यापुरती घेतली आहे. तथापि तिचा एक गुण पुढे कामास येणार आहे. तिचे केवळ मुख्य कर्णच नव्हे, तर तुटलेले कर्णही ३४ भरतात. १२, ८, ५ हे आकडे तिरके उतरत जावेत, उजवी कड संपली की डाव्या कडेला यावे आणि तेथील ९ घ्यावा. बेरीज पुन्हा ३४. जणू चौकटीची उजवी कड डावीला आणि वरची कड खालच्या कडेला शिवलेली आहे.

आता नमुना क्रमांक ७ पाहावा. पहिल्या ओळीत त्याच्याबरोबर १२, १ आणि १४ बसतात. पहिल्या स्तंभात २, १६ आणि ९ बसतात. हे सहा त्याचे सोबती. उरलेले नऊ नमुने त्याच्यासमोर कधीच येत नाहीत, ते दूरस्थ. मग ७ आणि १३ यांची तुलना कशी करावी? मध्यस्थांकरवी. १२ हा नमुना पहिल्या ओळीत ७ बरोबर बसतो आणि दुसऱ्या स्तंभात १३ बरोबर बसतो. २ हा नमुनाही तसाच दोघांना भेटतो. म्हणजे ७ आणि १३ यांच्यामध्ये दोन मध्यस्थ आहेत. कोणतेही दोन दूरस्थ नमुने घ्यावेत, मध्यस्थ दोनच निघतात. सोबत्यांचेही तेच : ७ आणि १२ यांचे सामाईक सोबती १ आणि १४, म्हणजे पुन्हा दोन. कोणाला झुकते माप नाही, कोणावर अन्याय नाही.

ही मांडणी कागदावर १६ ठिपके काढून आणि सोबत्यांना रेषांनी जोडून दाखविता येते. ठिपके व रेषा यांच्या अशा आकृतीला गणितात आलेख म्हणतात. प्रत्येक ठिपक्याचे सोबती सारखे, प्रत्येक सोबती-जोडीचे सामाईक सोबती सारखे, प्रत्येक दूरस्थ जोडीचेही सारखे; असा तिहेरी नियम पाळणारा आलेख म्हणजे दृढनियमित आलेख. बुद्धिबळातला हत्ती ओळीत आणि स्तंभात चालतो, म्हणून वरील आलेखाला हत्तीचा आलेख असेही नाव आहे.

शेतातून बीजगणिताकडे

ही कल्पना जन्मली ती शेतीच्या प्रयोगांतून. बियाण्यांच्या अनेक जातींची तुलना करायची, पण एकसारख्या कसाच्या जमिनीचा तुकडा लहान. अडचण चहाच्या पेल्यांसारखीच. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याभोवती या प्रश्नांवर काम करणारी तरुण मंडळी जमली होती. महालनोबीस यांचे नाव जैन वाचकांना आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. १९५४ मध्ये त्यांनी संख्याशास्त्राच्या पायाभूत विचारांवर एक निबंध लिहिला आणि त्यात स्याद्वादाची सप्तभंगी व आधुनिक संभाव्यतेचा विचार यांचे नाते उलगडून दाखविले.

राजचंद्र बोस यांना महालनोबीस यांनीच या संस्थेत आणले. बोस यांचा जन्म १९०१ मध्ये होशंगाबादचा, मूळ अभ्यास भूमितीचा. १९३९ मध्ये त्यांनी के. आर. नायर यांच्यासह ‘सांख्य’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. सर्व जोड्यांना समान संधी देता येत नसेल, तर जोड्यांचे वर्ग पाडावेत आणि प्रत्येक वर्गापुरती समानता काटेकोर ठेवावी, हा त्याचा गाभा. वर वापरलेले ‘सोबती’ आणि ‘दूरस्थ’ हे असेच दोन वर्ग होत.

१९४९ मध्ये बोस अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गेले. तेथे १९५९ मध्ये त्यांनी डेल मेसनर या अमेरिकी गणितीसह या वर्गांमागे दडलेले बीजगणित उघड केले. आज ते बोस-मेसनर बीजगणित या नावाने ओळखले जाते.

त्याची कल्पना अशी. १६ ओळी आणि १६ स्तंभ यांचा एक मोठा तक्ता करावा. गणितात त्याला मॅट्रिक्स म्हणतात. ज्या दोन नमुन्यांचे सोबत्याचे नाते असेल त्यांच्या घरात १ लिहावा, एरवी शून्य. हा सोबती-तक्ता. तसाच दूरस्थ जोड्यांचा दुसरा तक्ता. आणि तिसरा स्व-तक्ता, ज्यात प्रत्येक नमुन्याचे केवळ स्वतःशी असलेले नाते १ ने दाखविलेले असते. कोणतीही जोडी घ्यावी, ती या तीनपैकी एका आणि एकाच तक्त्यात सापडते.

तक्त्यांचा गुणाकार म्हणजे टप्प्याटप्प्याने चाललेल्या वाटांची मोजणी. सोबती-तक्त्याला सोबती-तक्त्याने गुणले, तर एका नमुन्याकडून दुसऱ्याकडे एका मध्यस्थाकरवी किती वाटा जातात, हे प्रत्येक घरात उमटते. स्वतःकडून निघून स्वतःकडे परत येण्याच्या वाटा सहा. सोबत्याकडे जाण्याच्या दोन. दूरस्थाकडे जाण्याच्याही दोन. म्हणून गुणाकाराचे उत्तर होते : सहा पट स्व-तक्ता, अधिक दोन पट सोबती-तक्ता, अधिक दोन पट दूरस्थ-तक्ता. ताळा पाहावा. सहा सोबत्यांचे प्रत्येकी सहा सोबती, एकूण वाटा ३६. उजवीकडे ६, अधिक सहा सोबत्यांच्या दोन-दोन म्हणजे १२, अधिक नऊ दूरस्थांच्या दोन-दोन म्हणजे १८. बेरीज ३६. हिशेब जुळला.

सोबती-तक्ता आणि दूरस्थ-तक्ता यांचा गुणाकार केला तर तीन पट सोबती आणि चार पट दूरस्थ मिळतात. तेथेही ५४ वाटांचा ताळा जुळतो, आणि गुणाकाराचा क्रम उलटा केला तरी उत्तर तेच राहते. कितीही वेळा बेरीज करावी, कितीही वेळा गुणावे, चौथ्या प्रकारचा तक्ता लागतच नाही. जी काही उत्तरे येतात ती याच तिघांच्या पटीत येतात. एखाद्या पेढीत रोज हजारो व्यवहार व्हावेत आणि तरी खतावणीत तीनच खाती पुरावीत, तसा हा प्रकार आहे.

याचा उपयोग व्यवहारी आहे. आठ बैठकांतले गुण हाती आल्यावर प्रत्येक चहाचा खरा दर्जा काढण्यासाठी १६ अज्ञातांची समीकरणे सोडवावी लागतात. त्यांत १६ गुणिले १६, म्हणजे २५६ घरांचे तक्ते येतात. यंत्रे हाताशी नव्हती त्या काळी हे काम दिवसच्या दिवस खाई. परंतु तो तक्ता तीनच मूळ तक्त्यांनी बनलेला आहे आणि समीकरणे सोडविताना लागणारे तक्तेही त्यांच्याच पटीत मिळतात, हे एकदा कळले की २५६ आकड्यांऐवजी तीन आकडे सांभाळले म्हणजे पुरे.

न भरणारा बाजार

हे बीजगणित मोजणी सोपी करते, त्याचप्रमाणे ते खोटा हिशेबही पकडते. त्याची ही शक्ती एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

असा एक बाजार कल्पावा. प्रत्येक व्यापाऱ्याचा नेमक्या चार व्यापाऱ्यांशी थेट व्यवहार आहे. ज्या दोघांचा थेट व्यवहार आहे, त्यांच्यात सामाईक मध्यस्थ कोणी नाही. ज्या दोघांचा थेट व्यवहार नाही, त्यांच्यात मध्यस्थ नेमका एक आहे. अशा बाजारात व्यापारी किती असतील? एक व्यापारी घ्यावा, त्याचे चार, त्या चारांपैकी प्रत्येकाचे आणखी तीन, म्हणजे १२. एकूण १७. साधी मोजणी व्यवस्थित जुळते. कागद-पेन्सिल घेऊन कोणीही अशी आकृती काढू लागेल, आणि शेवटच्या काही रेषांपाशी अडेल. पुन्हा खोडेल, पुन्हा काढेल. आपलाच हात चुकतो आहे, असे त्याला वाटत राहील.

बीजगणित त्याला सांगते की हा बाजार कधीच भरणार नाही. त्याचे कारण असे. १७ ओळींच्या अशा तक्त्याशी १७ विशेष संख्या निगडित असतात; त्यांना आयगेन मूल्ये म्हणतात. त्यांचा एकच गुण येथे पुरेसा आहे : त्यांची बेरीज तक्त्याच्या मुख्य कर्णावरील आकड्यांच्या बेरजेइतकीच असली पाहिजे. कोणताही व्यापारी स्वतःशी व्यवहार करीत नाही, म्हणून कर्णावर सगळी शून्ये आहेत. तेव्हा १७ संख्यांची बेरीज शून्य हवी.

या १७ पैकी एक संख्या ४. उरलेल्या १६ संख्यांना तीन तक्त्यांच्या गुणाकाराचा नियम लागू होतो, आणि त्यातून अट निघते की संख्येचा वर्ग अधिक ती संख्या, यांची बेरीज ३ असावी. अशा संख्या दोनच आहेत, आणि दोहोंत १३ चे वर्गमूळ येते. एकीत अधिक, दुसरीत उणे. १३ चे वर्गमूळ पूर्णांकही नाही आणि अपूर्णांकही नाही. ते एकूण बेरजेतून नाहीसे व्हायचे, तर दोन्ही संख्या समसमान वेळा आल्या पाहिजेत : आठ आणि आठ. अशा एका जोडीची बेरीज उणे १. आठ जोड्यांची उणे ८. त्यांत पहिले ४ मिळविले तर उणे ४ राहतात. हवे होते शून्य. खात्यात चारांची तूट आहे, आणि ती भरून निघण्याचा कोणताही मार्ग नाही.

चारऐवजी तीन थेट व्यवहार ठेवले, तर बाजार १० व्यापाऱ्यांचा होतो. तेथे त्या विशेष संख्या ३, पाच वेळा १ आणि चार वेळा उणे २ अशा येतात; ३ अधिक ५ वजा ८ म्हणजे शून्य. हिशेब जुळतो आणि असा आलेख खरोखरच आहे. पीटर्सन आलेख म्हणून तो प्रसिद्ध आहे. १९६० मध्ये हॉफमन आणि सिंगलटन या गणितींनी सिद्ध केले की अशा बाजारात प्रत्येकाचे थेट व्यवहार २, ३, ७ किंवा ५७ असू शकतात, अन्य काही नाही. त्यांतील व्यापारी अनुक्रमे ५, १०, ५० आणि ३,२५०. पहिले तीन बाजार अस्तित्वात आहेत. चौथ्याचा हिशेब पूर्ण जुळतो. तरी असा आलेख आजवर कोणी रचलेला नाही आणि तो असूच शकत नाही, असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

यातून एक गोष्ट ध्यानी येते. हिशेब न जुळणे हा नकाराचा पक्का पुरावा आहे. हिशेब जुळणे हा होकाराचा पुरावा नाही.

जुळे, पण एक नव्हे

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. आलेख अस्तित्वात आहे आणि त्याचे सारे आकडे हाती आहेत : १६ ठिपके, प्रत्येकी सहा सोबती, सामाईक सोबती सर्वत्र दोन. एवढ्यावरून तो आलेख कोणता हे ओळखता येईल का?

श्रीखंडे यांनी १९५९ मध्ये याचे उत्तर दिले. त्यांनी ओळी-स्तंभांच्या चौकटींचा सर्वसाधारण विचार केला. तीनची चौकट, पाचची, सहाची, शंभराची. चार वगळून कोणतीही चौकट घेतली, तर तिचे आकडे पाळणारा आलेख एकच, तो म्हणजे हत्तीचा आलेख. तेथे आकड्यांवरून ओळख पटते. चारच्या चौकटीत मात्र एक दुसरा आलेख निघतो. तोही नेमका एकच. तोच आज श्रीखंडे आलेख म्हणून ओळखला जातो.

खजुराहोच्या चौकटीवर तो असा काढता येतो. मागे सांगितल्याप्रमाणे चौकटीच्या समोरासमोरच्या कडा शिवलेल्या आहेत असे समजावे. प्रत्येक घराचे सोबती सहा : उजवीकडचे, डावीकडचे, वरचे, खालचे, आणि एकाच तिरक्या दिशेतील दोन, म्हणजे खाली-उजवे व वर-डावे. ७ या घराला उजवीकडे १२, डावीकडे, कड ओलांडून, १४, खाली २, वर, पुन्हा कड ओलांडून, ९, खाली-उजवीकडे १३, वर-डावीकडे ४. सोबती सहा झाले. ७ आणि १२ यांचे सामाईक सोबती १३ आणि ९, म्हणजे दोन. ७ आणि १ येथे दूरस्थ आहेत; त्यांचे मध्यस्थ १२ आणि १४, म्हणजे दोन. प्रत्येक जोडी तपासावी, आकडे हत्तीच्या आलेखाचेच येतात. म्हणून तीन तक्त्यांच्या गुणाकाराचे नियमही तेच, विशेष संख्याही त्याच. बोस-मेसनर बीजगणिताच्या दृष्टीने दोहोंत तिळमात्र भेद नाही.

भेद आहे तो घरातल्या नात्यांत. हत्तीच्या आलेखात ७ चे सहा सोबती दोन गटांत विभागलेले आहेत. १२, १ आणि १४ हे तिघे परस्परांचे सोबती. २, १६ आणि ९ हे तिघे परस्परांचे. एका गटातील कोणाचाही दुसऱ्या गटातील कोणाशी थेट संबंध नाही. श्रीखंडे आलेखात मात्र ७ चे सहा सोबती एक कडे करून उभे आहेत. २ चा हात १३ च्या हाती, १३ चा १२ च्या, १२ चा ९ च्या, ९ चा ४ च्या, ४ चा १४ च्या आणि १४ चा पुन्हा २ च्या हाती. दोन्हीकडे प्रत्येक सोबत्याचे त्या सहांतील सोबती दोनच. मोजणारा दोन मोजतो आणि समाधानाने निघून जातो. परंतु एकीकडे दोन वेगळी कुटुंबे आहेत आणि दुसरीकडे सहाजणांचे एकच वर्तुळ.

हा भेद केवळ डोळ्यांना दिसणारा नाही. चहाच्या पेढीवर त्याचा परिणाम रोकडा आहे. बैठक भरवायची तर चार नमुने असे हवेत की त्यांतील प्रत्येक दोघे परस्परांचे सोबती असतील. हत्तीच्या आलेखात अशा आठ चौकड्या आहेत : चार ओळी आणि चार स्तंभ. श्रीखंडे आलेखात अशी एकही चौकडी नाही. जास्तीत जास्त तिघेच एकत्र येतात. केवळ आकडे पाहून कोणी त्या दुसऱ्या आलेखावरून चार-चार पेल्यांच्या बैठका आखू लागला, तर पहिलीच बैठक भरणार नाही. हिशेबाच्या वहीत मात्र त्याला शेवटपर्यंत चूक सापडणार नाही, कारण वहीत चूक नाहीच.

ऑयलरचा अंदाज

त्याच १९५९ साली श्रीखंडे यांचे नाव आणखी एका कारणाने गाजले, आणि त्याचाही आशय याच्याशी मिळताजुळता आहे. वर म्हटलेल्या २० बैठकांची योजना लॅटिन चौरसांवर आधारलेली असते. अशा चौरसात प्रत्येक चिन्ह प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात एकदाच येते. असे दोन चौरस एकावर एक ठेवले असता चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच दिसावी, असा प्रश्न महान गणिती ऑयलर याने अभ्यासला. सहाच्या चौरसासाठी त्याला अशी जोडी सापडेना. १७८२ मध्ये त्याने अंदाज वर्तविला की ६, १०, १४, १८ अशा, चारने भागल्यावर दोन उरणाऱ्या, कोणत्याही संख्येसाठी ती असूच शकत नाही. १९०१ मध्ये गास्ताँ तारी या फ्रेंच अभ्यासकाने सहाच्या बाबतीत तो खरा असल्याचे दाखविले. त्यामुळे पुढचेही खरेच असणार, अशी समजूत अधिक दृढ झाली.

बोस आणि श्रीखंडे यांनी २२ साठी अशी जोडी रचून दाखविली. अर्नेस्ट पार्कर यांनी १० साठी दाखविली. मग तिघांनी मिळून सिद्ध केले की २ आणि ६ सोडल्यास ऑयलरचा अंदाज सर्वत्र चुकीचा आहे. १७७ वर्षे टिकून राहिलेली समजूत कोसळली, आणि २६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही वार्ता पहिल्या पानावर छापली. ६ आणि १० यांना चारने भागले तर बाकी एकच येते. पण त्यांचे वर्तन एक नाही.

श्रीखंडे यांचा जन्म १९१७ मध्ये सागर येथे झाला. १९५० मध्ये त्यांनी बोस यांच्या मार्गदर्शनाखाली नॉर्थ कॅरोलिनात डॉक्टरेट मिळविली. जगाने दखल घेतल्यावरही ते भारतात परतले आणि मुंबई विद्यापीठात त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या. २०२० मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

बोस यांचे काम तर आज प्रत्येक दुकानाच्या गल्ल्यापाशी पोहोचले आहे. गिऱ्हाईक मोबाइलने ज्या क्यूआर चौकटीवर पैसे देते, तिच्या रचनेची माहिती १५ बिटांच्या एका संकेतात साठविलेली असते. त्यातील तीन बिटांपर्यंतच्या चुका आपोआप दुरुस्त होतात. हा संकेत बोस, त्यांचे शिष्य द्विजेंद्रकुमार रायचौधुरी आणि फ्रेंच गणिती ओकांगेम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घराण्यातला. कागद मळला, कोपरा फाटला, तरी रक्कम योग्य खात्यात जाते, यामागे असे संकेत उभे असतात. पुढे १९७३ मध्ये बेल्जियमच्या फिलिप देल्सार्त यांनी बोस-मेसनर बीजगणिताच्या साहाय्यानेच दाखविले की अशा संकेतांच्या क्षमतेला वरची मर्यादा कशी घालता येते. शेतातील बियाण्यांसाठी पाडलेले वर्ग असे संदेशांच्या रक्षणास उपयोगी पडले.

एक नय

जैन दर्शनात वस्तूकडे पाहण्याच्या एकेका दृष्टिकोनाला नय म्हणतात. नय खोटा नसतो. तो अपुरा असतो. तो खोटा ठरतो तेव्हा, जेव्हा तो स्वतःलाच संपूर्ण समजू लागतो. १६ घरांच्या या दोन आलेखांचे बीजगणित हा असाच एक नय आहे, आणि तो अत्यंत समर्थ आहे. १७ व्यापाऱ्यांचा अशक्य बाजार तो एका बेरजेत उघडा पाडतो आणि २५६ घरांचे ओझे तीन आकड्यांवर आणतो. त्याच्याविना या क्षेत्रात एक पाऊल टाकता येत नाही. परंतु ७ चे सहा सोबती दोन गटांत बसले आहेत की एका वर्तुळात, हे त्याला दिसत नाही. ते पाहण्यासाठी ७ च्या घरी जावे लागते.

श्रीखंडे यांनी नेमके तेच केले. आकडे जुळल्यावर ते थांबले नाहीत. एकेका ठिपक्याचे शेजार त्यांनी तपासले, आणि चारच्या चौकटीपाशी त्यांना दुसरे घर सापडले. चोपडा मिटल्यावर ज्या जुन्या पेढ्यांचे मालक उठून गिऱ्हाइकाच्या गावी स्वतः जाऊन येत, त्यांची रीत याहून फार निराळी नव्हती.